सर विल्यम ऑस्लर आणि साधा ताप

ऋतू पालटला की रविवारच्या उपासनेनंतर मंदिराच्या दाराशी एक प्रश्न हमखास ऐकू येतो. अमुक बाई आज दिसल्या नाहीत, बऱ्या आहेत ना? उत्तरही ठरलेले असते. विशेष काही नाही, साधा ताप आहे. बहुतेक वेळा हे उत्तर खरे ठरते आणि पुढच्या रविवारी त्या बाई आपल्या नेहमीच्या बाकावर बसलेल्या दिसतात. पण एखाद्या वेळी ते खरे ठरत नाही. साधा म्हटलेला ताप छातीत उतरलेला असतो, घरच्यांच्या ते वेळीच ध्यानात येत नाही, आणि मग पाळकांना त्या घरी निराळ्याच कामासाठी जावे लागते.

साधा ताप कोणता आणि साधा नसलेला कोणता, हे कसे ओळखावे? हा प्रश्न मनात आला की आम्हांस एका थोर डॉक्टरांचे चरित्र आठवते. छातीच्या रोगांवर त्यांनी ग्रंथात पानेच्या पाने लिहिली, आयुष्यभर विद्यार्थ्यांना रोग्याच्या खाटेपाशी उभे करून हे रोग ओळखायला शिकविले, आणि अखेर सर्दी-खोकल्याने सुरू झालेल्या दुखण्यातच त्यांचा अंत झाला. सर विल्यम ऑस्लर हे त्यांचे नाव.

पाळकाच्या घरातील मुलगा

ऑस्लर यांचा जन्म १२ जुलै १८४९ रोजी कॅनडातील बाँड हेड या लहानशा गावी झाला. त्यांचे वडील रेव्हरंड फेदरस्टोन ऑस्लर हे मूळचे इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्याचे. १८३७ साली ते पत्नीसह समुद्र ओलांडून अँग्लिकन मंडळीचे मिशनरी म्हणून कॅनडात आले. तेव्हा तो मुलूख बहुतांशी अरण्याचा होता. विखुरलेल्या वस्त्यांत जाऊन उपासना चालविणे, लग्ने लावणे, मृतांना मूठमाती देणे हे त्यांचे काम. आई एलन यांनी तुटपुंज्या साधनांत मोठे कुटुंब वाढविले. या बाईंनी पुढे वयाची शंभरी गाठली, हेही येथे सांगण्यासारखे आहे. विल्यम हा त्यांचा सर्वांत धाकटा मुलगा. लहानपणी तो खोडकर म्हणून प्रसिद्ध होता.

वडिलांच्या मागे या मुलाने पाळक व्हावे अशी घरची अपेक्षा होती आणि त्याचीही तयारी होती. शाळेत असताना त्याला रेव्हरंड जॉन्सन नावाचे शिक्षक लाभले. ते स्वतः पाळक होते, परंतु त्यांच्या खोलीत सूक्ष्मदर्शक यंत्र असे. डबक्यातील पाणी, शेवाळ, किड्याचे पंख, जे मिळेल ते ते मुलांना त्या यंत्राखाली धरून दाखवीत. नीट पाहावे कसे, याचा पहिला धडा विल्यमला तेथे मिळाला.

१८६७ साली तो पाळकीय शिक्षणाच्या उद्देशाने टोरांटोच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. वर्षभरातच त्याच्या ध्यानात आले की आपले पाचारण दुसरे आहे, आणि १८६८ साली त्याने वैद्यकाकडे वळण्याचा निर्णय घेतला. पाळक वडिलांनी त्याला अडविले नाही. ज्या घरात प्रार्थना हा रोजचा श्वास होता त्याच घरातून रोग्यांच्या सेवेसाठी एक मुलगा निघाला, आणि यात काही विसंगत आहे असे त्या घराला वाटले नाही. ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते, कारण प्रार्थना करणे आणि डॉक्टरकडे जाणे या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असे मानणारी माणसे आजही कोठे कोठे भेटतात.

रोग्याच्या खाटेपाशी

१८७२ साली माँट्रिअलच्या मॅगिल विद्यापीठातून ऑस्लर डॉक्टर झाले. नंतर दोन वर्षे लंडन, बर्लिन, व्हिएन्ना येथे त्यांनी अभ्यास केला. लंडनला असताना १८७३ साली सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तपासताना त्यांनी रक्तातील बारीक चकत्यांचे निरीक्षण केले. डेंग्यू झाला की ज्या प्लेटलेट मोजायला आपण धावतो, त्या ह्याच. परत येऊन ते वयाच्या २५-२६ व्या वर्षीच मॅगिलमध्ये प्राध्यापक झाले. वय इतके लहान की विद्यार्थी त्यांना गमतीने बाळ प्राध्यापक म्हणत.

माँट्रिअलच्या इस्पितळात देवीच्या रोग्यांचा वॉर्ड होता. तेथे जायला कोणी सहसा राजी नसे. ऑस्लर यांनी ते काम पत्करले. त्यांना स्वतःला देवी आल्या. सुदैवाने दुखणे सौम्य होते. त्या वॉर्डाच्या कामाचे जे पैसे मिळाले ते त्यांनी विद्यार्थ्यांसाठी सूक्ष्मदर्शक यंत्रे घेण्यात खर्च केले. रोगी दगावला की रोगाने शरीराच्या आत काय केले हे पाहण्यासाठी ते स्वतः शवविच्छेदन करीत. अशी शेकडो शवविच्छेदने त्यांनी माँट्रिअलमध्ये केली. जिवंतपणी छातीवर कान लावून जे ऐकले होते त्याचा मेळ मृत्यूनंतर फुप्फुसात जे दिसले त्याच्याशी घालायचा, हा त्यांचा नित्यक्रम होता. आपली चूक कोठे झाली हे त्यातून कळे.

१८८४ साली ते फिलाडेल्फियाला गेले आणि १८८९ साली बाल्टिमोरच्या नव्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळाचे प्रमुख चिकित्सक झाले. तेथे त्यांनी वैद्यकीय शिक्षणाची रीतच बदलून टाकली. तोपर्यंत बहुतेक विद्यार्थी व्याख्याने ऐकून डॉक्टर होत. ऑस्लर यांनी त्यांना वॉर्डात आणले. रोग्याशी बोला, त्याला नीट पाहा, हाताने चाचपा, कानाने ऐका, मग मत बनवा, हा त्यांचा शिरस्ता. आज कोणत्याही मेडिकल कॉलेजात मोठ्या डॉक्टरांच्या मागे विद्यार्थ्यांचा घोळका खाटेखाट फिरताना दिसतो. त्या रीतीला आजचे रूप देण्यात ऑस्लर यांचा वाटा फार मोठा आहे.

एक ग्रंथ आणि त्याचे फळ

१८९२ साली त्यांचा वैद्यकाचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांचा ग्रेस रेव्हिअर या विधवा बाईंशी विवाह झाला. तो ग्रंथ पुढे कित्येक वर्षे इंग्रजी जाणणाऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर असे. त्यात इन्फ्लुएन्झावर प्रकरण आहे आणि न्यूमोनियावर तर फारच विस्ताराने लिहिले आहे.

इन्फ्लुएन्झा म्हणजे आपण ज्याला फ्लू म्हणतो तो. हा ग्रंथ निघाला त्याआधी दोनतीन वर्षे, १८८९-९० साली, त्याची मोठी साथ जगभर फिरून गेली होती. डॉक्टरांच्या ध्यानात आले होते ते असे, की नुसत्या इन्फ्लुएन्झाने माणूस बेजार होतो पण बहुधा बरा होतो. घात होतो तो त्याच्या पाठोपाठ फुप्फुसात शिरणाऱ्या न्यूमोनियामुळे. जॉन बन्यन यांनी क्षयरोगाला मृत्यूच्या फौजेचा म्होरक्या ठरविले होते. ती उपमा उचलून ऑस्लर यांनी न्यूमोनियाला लावली.

आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदविली आणि ती प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. म्हाताऱ्या माणसांचा न्यूमोनिया गुपचूप येतो. हुडहुडी भरत नाही, ताप फारसा चढत नाही, खोकलाही बेताचाच असतो. माणूस नुसता मलूल होतो, खाणे टाकतो, असंबद्ध बोलू लागतो. घरचे म्हणतात, वय झाले. प्रत्यक्षात फुप्फुस भरत आलेले असते.

ऑस्लर यांच्यावर एक आक्षेप घेतला जाई. त्यांचा औषधांवर विश्वास नाही, असे काही लोक म्हणत. खरे असे होते की त्या काळच्या बहुसंख्य औषधांचा काही उपयोग नाही हे त्यांनी उघडपणे लिहिले. न्यूमोनियावर गुणकारी औषध तेव्हा नव्हतेच. परंतु औषध नाही म्हणून डॉक्टर नको, असा अर्थ त्यांनी कधी काढला नाही. चांगली शुश्रूषा, मोकळी हवा, योग्य अन्न, आणि रोग कोणते वळण घेतो आहे यावर जागता पहारा, हेही उपचारच आहेत असे ते मानीत.

या ग्रंथाची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील धनाढ्य रॉकफेलर यांचे सल्लागार फ्रेडरिक गेट्स हे पूर्वी बॅप्टिस्ट पाळक होते. १८९७ च्या उन्हाळ्यात त्यांनी हा जाडजूड ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला. इतक्या रोगांची इतकी बारीक वर्णने, आणि खात्रीचा इलाज मात्र मोजक्याच रोगांवर, हे पाहून ते अस्वस्थ झाले. त्यांनी रॉकफेलर यांचे मन वळविले आणि १९०१ साली वैद्यकीय संशोधनाची एक संस्था उभी राहिली. त्याच संस्थेतील रिचर्ड शोप यांनी १९३१ साली डुकरांच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू शोधला, आणि १९३३ साली लंडनमधील संशोधकांना माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडला. तोवर हा रोग एका जंतूमुळे होतो अशी चुकीची समजूत होती. आपल्या पुस्तकाचे फळ कोठवर पोहोचले हे पाहायला ऑस्लर मात्र राहिले नव्हते.

पुत्रशोक

१९०५ साली ऑस्लर ऑक्सफर्ड विद्यापीठात वैद्यकाचे रेजिअस प्रोफेसर म्हणून गेले आणि १९११ साली त्यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली. ऑक्सफर्डच्या त्यांच्या घराचे दार विद्यार्थ्यांना आणि पाहुण्यांना सदैव उघडे असे. मुलांचे तर ते विशेष लाडके होते. डांग्या खोकल्याने बेजार झालेल्या आणि अन्नाला तोंड न लावणाऱ्या एका लहान मुलाची गोष्ट सांगतात. विद्यापीठाच्या समारंभाचा रंगीत झगा अंगावर असतानाच ऑस्लर त्याला पाहायला गेले. त्यांनी तपासणी थोडक्यात आटोपली, मग एक पीच फळ सोलले, त्याला साखर लावली आणि एकेक फोड काट्याने त्याच्या तोंडाशी धरून त्याला भरविली. मुलाने ती खाल्ली. पुढे कित्येक दिवस ते नेमाने येत राहिले आणि मुलगा बरा झाला.

त्यांचा पहिला मुलगा जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारला होता. दुसरा मुलगा रेव्हिअर हा १८९५ सालचा. पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात होता. ऑगस्ट १९१७ मध्ये बेल्जममधील ईप्रच्या रणभूमीवर तो जबर जखमी झाला आणि ३० तारखेला मरण पावला. तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता. योगायोग असा की वडिलांचे स्नेही, प्रसिद्ध शल्यविशारद हार्वे कुशिंग हे त्याच्या अखेरच्या घटकेला त्याच्याजवळ होते. ऑस्लर यांनी काम सोडले नाही. लोकांत ते पूर्वीसारखेच हसतमुख असत. पण रात्री ते मुलासाठी रडत असत हे घरच्यांना ठाऊक होते.

पुढच्याच वर्षी इन्फ्लुएन्झाची ती भयंकर साथ आली. जून १९१८ मध्ये ती मुंबई बंदरात पोहोचली आणि पावसाळा सरता सरता तिची दुसरी, अधिक घातक लाट देशभर पसरली. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने तिला मानमोडी हे नाव दिले होते. एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिच्यात दगावली. त्यांत म्हाताऱ्यांइतकीच, किंबहुना अधिक, ऐन उमेदीतील तरुण माणसे होती.

अखेरचा आजार

जुलै १९१९ मध्ये ऑस्लर ७० वर्षांचे झाले. शिष्यांनी आणि स्नेह्यांनी त्यांना लेखसंग्रहाचे दोन खंड अर्पण केले. साथीचा मोठा जोर ओसरला होता, पण रोग गेलेला नव्हता.

सप्टेंबरच्या अखेरीस ते एका रोग्याला पाहण्यासाठी स्कॉटलंडला गेले. तेवढ्यात रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला. परतीचा लांबचा प्रवास थंडीवाऱ्यातून मोटारीने करावा लागला. घरी आले ते सर्दी-खोकला घेऊनच. यात नवल वाटावे असे काही नव्हते. थंडीच्या दिवसांत छाती धरणे हे त्यांचे जुने दुखणे होते आणि यापूर्वीही त्यांना फुप्फुसाचे आजार होऊन गेले होते.

पण या वेळी खोकला हटेना. उबळीवर उबळ येऊ लागली. त्यांनी अंथरूण धरले. डॉक्टराने स्वतःवर स्वतःच उपचार करू नयेत असे ते शिष्यांना सांगत. तेच त्यांनी पाळले आणि उपचार दुसऱ्या डॉक्टरांच्या हाती सोपविले. स्वतःकडे एकच काम ठेवले, ते म्हणजे पाहण्याचे. कोणत्या दिवशी काय झाले, कुशीत कळ केव्हा उठली, कोणत्या उबळीनंतर ती थांबली, हे ते एखाद्या परक्या रोग्याविषयी लिहावे तसे मित्रांना पत्रांतून कळवीत. दुखणे कधी उतरल्यासारखे वाटे, पुन्हा चढे. न्यूमोनिया झाला होता. डिसेंबरमध्ये छातीत पू साचल्याचे आढळले. प्रथम तो सुईने काढला, नंतर शस्त्रक्रिया केली. शेवट काय होणार हे त्यांनी इतरांच्या आधी ओळखले होते. दोन महिने या रोग्यावर लक्ष ठेवले, पण त्याचे शवविच्छेदन पाहायला मिळणार नाही याची हळहळ वाटते, असे ते थट्टेने म्हणत.

२९ डिसेंबर १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे शवविच्छेदन झाले. श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साचत राहण्याचा एक विकार असतो. तो त्यांना बरीच वर्षे असावा आणि तो कोणाच्या ध्यानात आला नसावा, असे पुढील काळातील डॉक्टरांचे मत आहे. हजारोंच्या छातीतील रोग ओळखणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या छातीत हे होते. १ जानेवारी १९२० रोजी ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये अंत्यविधीची उपासना झाली.

त्यांच्या पैशाने, विद्येने किंवा मोठेपणाने त्यांना वाचविले नाही, कारण वाचविणारे औषध तेव्हा जगात नव्हते. पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लागला. ते उपचार म्हणून इंजेक्शनाने प्रथम एका आजारी पोलीस शिपायास फेब्रुवारी १९४१ मध्ये देण्यात आले, आणि तेही याच ऑक्सफर्ड गावात. ऑस्लर यांच्या मृत्यूनंतर अवघ्या २१ वर्षांनी.

आपण काय ध्यानात ठेवावे

आज औषध आहे, प्राणवायू आहे, छातीचा फोटो तासाभरात मिळतो. मग आजही माणसे का दगावतात? पुष्कळदा याचे कारण एकच असते. उशीर. ऑस्लर यांच्यापाशी पाहण्याची कला होती आणि औषध नव्हते. आपल्यापाशी औषध आहे आणि पाहण्याचा कंटाळा आहे. म्हणून त्यांच्या चरित्रावरून घरच्या माणसांनी काय पाहावे, ते आम्ही थोडक्यात मांडतो.

साधे पडसे हळूहळू येते. नाक गळते, शिंका येतात, घसा खवखवतो, पण माणूस हिंडतोफिरतो. फ्लू अचानक येतो. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून अंथरुणात पडतो. चांगलाच ताप, डोके ठणकणे, सगळे अंग मोडून येणे, कोरडा खोकला आणि विलक्षण थकवा, ही त्याची खूण. धडधाकट माणसाचा ताप बहुधा तीनचार दिवसांत उतरतो आणि आठवडाभरात तो उठून बसतो. थकवा आणि खोकला मात्र आणखी काही दिवस रेंगाळतो. अशा वेळी विश्रांती, भरपूर पाणी, पेज, सूप आणि तापासाठी पॅरासिटॅमॉल एवढे पुरते. अँटिबायोटिक गोळ्या विषाणूवर चालत नाहीत. त्या डॉक्टरने सांगितल्याशिवाय घेऊ नयेत, आणि मागच्या खेपेच्या उरलेल्या तर मुळीच नव्हेत. लहान मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. इंजेक्शनाचा आग्रह धरू नये. निरुपयोगी औषधांविषयी ऑस्लर जे सांगत तेच येथेही लागू आहे.

पण काही चिन्हे अशी आहेत की ती दिसताच घरी थांबू नये. सर्वांत पहिले चिन्ह श्वासाचे. बसल्या जागी धाप लागणे, चार शब्द बोलताना दम लागणे, छातीत किंवा कुशीत श्वासागणिक कळ येणे, ओठ निळसर दिसणे, कफात रक्त येणे. घरात बोटाला लावायचे यंत्र असेल आणि ते प्राणवायू ९४ च्या खाली दाखवीत असेल, तर लगेच इस्पितळ गाठावे. दुसरे चिन्ह शुद्धीचे. माणूस गोंधळल्यासारखा बोलतो, जागे करूनही नीट जागा होत नाही, झटके येतात. तिसरे, पाणीही पोटात ठरत नाही आणि लघवी फार कमी होते.

चौथे चिन्ह सर्वांत फसवे आहे. ताप उतरतो, माणूस उठून बसतो, घरची मंडळी देवाचे आभार मानतात, आणि दोनतीन दिवसांनी ताप पुन्हा चढतो, खोकला वाढतो. फ्लू उलटला असे आपण म्हणतो. फ्लूने फुप्फुस दुबळे केले, की त्या वाटेने न्यूमोनियाचे जंतू आत शिरतात. हा परतून आलेला ताप साधा नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

लहान मुलांत छातीचा भाता पाहावा. मूल शांत असताना, शक्य तर झोपेत, पूर्ण एक मिनिट घड्याळ धरून श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील मुलाचे ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास भरले, तर ते न्यूमोनियाचे लक्षण असू शकते. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल दूध ओढीत नसेल किंवा निपचित पडले असेल, तर रात्र असली तरी निघावे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला नुसता ताप आला तरी डॉक्टरला दाखवावे.

काहींनी तर ही चिन्हे दिसेपर्यंतही थांबू नये. पासष्टीच्या पुढची माणसे, गरोदर स्त्रिया, दोन वर्षांच्या आतील मुले, तसेच दमा, मधुमेह, हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा छातीचा जुना विकार असलेले, यांनी ताप येताच पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरला भेटावे. फ्लूच्या विषाणूवर ऑसेल्टॅमिविर हे औषध आहे, परंतु ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर त्याचा उपयोग सर्वांत चांगला होतो. ते द्यावे की नाही हे डॉक्टर ठरवतील. अशांनी दरवर्षी फ्लूची लस घेण्याविषयीही डॉक्टरांना विचारावे. ऑस्लर यांची छाती जुनी दुखरी होती हे आपण विसरू नये.

आपल्या देशात आणखी एक काळजी घ्यावी लागते. अंग मोडून येणारा प्रत्येक ताप फ्लूच असेल असे नाही. सर्दी-खोकला नसताना ताप दोनतीन दिवस राहिला, तर मलेरिया आणि डेंग्यूसाठी रक्त तपासून घ्यावे. कोविडचीही लक्षणे अशीच असतात. आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला तर थुंकी तपासण्यात कसूर करू नये. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा एकच धावपळ उडाली होती. ती भीती ओसरली. पण फ्लू दरवर्षी येतच आहे.

शेवटी एकच विनंती. पुढच्या रविवारी मंदिराच्या दाराशी कोणी म्हणाले की अमुक घरी साधा ताप आहे, तर बरे वाटू दे एवढे म्हणून निघून जाऊ नये. आणखी तीन प्रश्न विचारावेत. आज कितवा दिवस? उतरून पुन्हा तर आला नाही ना? श्वास कसा आहे? उत्तर नीट मिळाले नाही, तर घरी जाण्यापूर्वी त्या दारावरून जावे. त्या घरी एखादे म्हातारे माणूस एकटेच असेल, तर खुर्ची ओढून त्याच्याजवळ पाच मिनिटे बसावे आणि त्याच्याकडे नीट पाहावे. प्रार्थना तर करावीच. आणि गरज दिसली तर रिक्षाही आपणच बोलवावी.